काळी, पांढरी आणि मतदानयंत्र

लागोपाठच्या दोन निकालांनंतर महाराष्ट्रातल्या मतदाराविषयी काय काय बोलले गेले, ते एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावे. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीकडे गेल्या, केंद्रात मंत्री असलेले रावसाहेब दानवे जालन्यात पडले आणि वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांतून निष्कर्ष निघाला, की मतदाराने जात पाहून मत दिले. साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल आला. २८८ जागांपैकी भाजपने १३२, शिंदे यांच्या शिवसेनेने ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीने ४१ जागा जिंकल्या. त्याच मराठवाड्यातल्या बहुसंख्य जागाही महायुतीला मिळाल्या. या वेळचा निष्कर्ष असा, की मतदार महिन्याला पंधराशे रुपयांना विकला गेला. माणसे तीच, गावे तीच, बहुतेक ठिकाणी मतदान केंद्र असलेली शाळेची खोलीसुद्धा तीच. मग जूनमधला जातवेडा मतदार नोव्हेंबरात विकाऊ कसा झाला? हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. हरलेल्या बाजूला दोन्ही वेळा कारण नको होते, गुन्हेगार हवा होता.

हा वाद दोन प्रकारची माणसे चालवतात आणि दोन्ही प्रकार मला सारखेच अपुरे वाटतात. पहिली उपदेशकांची जात. त्यांच्या मते सुजाण मतदार म्हणजे घर, गाव, आडनाव, पीक हे सगळे मतदान केंद्राच्या दाराबाहेर चपलेसारखे काढून ठेवून आत जाणारा माणूस. बाकीचे सगळे अडाणी. दुसरी बेरीज करणाऱ्यांची. त्यांच्या हातात मतदारसंघागणिक एक कागद असतो: अमुक समाज इतके टक्के, तमुक इतके, दोन समाज जोडले की उमेदवार निवडून आला. माझे म्हणणे असे, की माणूस कोणत्या घरात जन्मला आणि कोणत्या वस्तीत राहतो याचा त्याच्या मतावर खोल परिणाम होतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही; मात्र तो परिणाम आपोआप होत नाही. जन्म आणि ठिकाण माणसाला त्याचे प्रश्न देतात, शेजार देतात, कोणाच्या शब्दावर विसंबावे याचा अनुभव देतात. त्यातून मत घडवण्याचे काम कारखाना, युनियन, शाखा, सोसायटी, आंदोलन अशा संस्था करतात, आणि संस्था बदलली की त्याच घरातले, त्याच गल्लीतले मत बदलते. उपदेशकाला या संस्था दिसत नाहीत आणि बेरीज करणाऱ्याला त्या मोजता येत नाहीत.

आपल्या गावगाड्याच्या भाषेत काळी आणि पांढरी अशी एक जोडी आहे. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे राहायची, गावठाणाची. माणसाचे राजकारण समजून घ्यायचे तर या दोन्ही जमिनी पाहाव्या लागतात: तो काय पिकवतो आणि कोणाच्या शेजारी राहतो. हे काही आपल्याच मातीचे वैशिष्ट्य नाही. आंद्रे सिगफ्रीड या फ्रेंच अभ्यासकाने १९१३ मध्ये पश्चिम फ्रान्सच्या मतदानाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ग्रॅनाइटची जमीन उजव्यांना मत देते आणि चुनखडीची डाव्यांना, हे त्याचे निरीक्षण गाजले, आणि पुढे त्याची थट्टाही झाली. दगड कुठे मत देतो का? पण त्याचे खरे म्हणणे थट्टा करणाऱ्यांनी नीट वाचले नव्हते. ग्रॅनाइटच्या भागात पाणी जागोजागी मिळते, म्हणून वस्ती विखुरलेली. जमीन मोठ्या मालकांची. एकटे पडलेले कूळ जमीनदाराच्या आणि धर्मगुरूच्या शब्दाबाहेर नाही. चुनखडीच्या भागात पाण्याभोवती दाट गावे, लहान मालक, चौकात गप्पा, म्हणून स्वतंत्र मत. दगड आणि मत यांच्यामध्ये त्याने पाणी, घरांची मांडणी, जमिनीची मालकी आणि चर्च एवढ्या पायऱ्या दाखवल्या होत्या. आपले निवडणूक विश्लेषक नेमक्या या मधल्या पायऱ्या गाळतात आणि जातीवरून थेट बटणावर उडी घेतात.

पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात या पायऱ्या डोळ्यांनी दिसतात. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तशा कारखान्यांची रांग लागली. त्या भागात काँग्रेस आणि नंतर राष्ट्रवादी कशामुळे टिकली याचे उत्तर ‘मराठा समाज त्यांच्या बाजूने होता’ असे देणे सोपे आहे. पण मराठा शेतकरी मराठवाड्यातही आहे आणि खानदेशातही आहे. मग राजकारण तिथे वेगळे का घडले? ऊस तयार झाल्यावर तोड वेळेवर आली नाही तर उसाला तुरा येतो, वजन घटते, वर्षभराचा घाम वाया जातो. तोड कधी येणार हे पाळीपत्रकावर, म्हणजे कोणाचा ऊस कधी तोडायचा याच्या यादीवर, आणि ते पाळीपत्रक राबवणाऱ्या कारखान्याच्या शेतकी खात्यावर, त्याच्या गावातल्या चिटबॉयवर अवलंबून. सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून वळते होणार. सोसायटी जिल्हा बँकेकडे बघणार. बँकेवर आणि कारखान्यावर संचालक तेच, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्यावर गटाचा सदस्यही त्यांच्यातलाच. अशा ठिकाणी कारखान्याच्या अध्यक्षाला मत देणारा शेतकरी जातीला मत देतो, की आपल्या फडातल्या उसाला? ज्याचा ऊस उभा आहे त्याला हा प्रश्न विचारणेच थोडे क्रूर आहे.

आणि याच पट्ट्यात उलटेही घडले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या सुमारास चाकणच्या कांद्यापासून आणि नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनापासून भावाचा प्रश्न उभा केला, आणि पुढे त्याच वाटेने आलेले राजू शेट्टी २००९ मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेवर गेले. ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत शेतकऱ्यांकडूनच वर्गणी गोळा करून, कारखानदारांच्या बालेकिल्ल्यात, संख्येने लहान अशा जैन समाजातला माणूस दोनदा खासदार झाला. बेरजेच्या कागदावर हे गणित बसत नाही. २०१९ मध्ये आणि २०२४ मध्येही तो हरला, तेव्हा बेरीज करणाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. पण मधल्या दहा वर्षांचे काय? त्या दहा वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यातली जातींची लोकसंख्या बदलली नव्हती.

पीक मताला कसे वळवते याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मला दिंडोरीत दिसतो, आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही. हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असल्याने उमेदवाराच्या सामाजिक प्रवर्गाचा प्रश्न तिथे आधीच मिटलेला असतो. मतदारसंघात निफाड, चांदवड, येवला, नांदगाव हा कांद्याचा पट्टा आणि सोबत कळवण, दिंडोरी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, भाव पडले आणि २० मे २०२४ च्या मतदानात केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार एक लाखाहून अधिक मतांनी हरल्या. समोर शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे, तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हावरचे भास्कर भगरे हे शिक्षक होते. त्यांच्याशी आडनाव जुळणाऱ्या आणि चिन्हात तुतारीचा भास असलेल्या एका अपक्षानेही लाखभर मते खाल्ली, तरी निकाल बदलला नाही. नोव्हेंबरात मात्र याच सहाही विधानसभा मतदारसंघांतून महायुतीचे उमेदवार निवडून आले. मे महिन्यात कांदा दिल्लीशी बोलला. नोव्हेंबरात मुंबईशी बोलायचे होते, तिथे स्थानिक आमदार, पाण्याची योजना, बायकांच्या खात्यातले पैसे असे वेगळे हिशेब होते. मतदार विसरभोळा किंवा विकाऊ असल्याशिवाय हे घडत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी लोकसभा आणि विधानसभा ही दोन वेगळी सभागृहे आहेत हे निफाडच्या शेतकऱ्याकडून शिकून घ्यावे.

आता बेरीज करणाऱ्यांची सर्वांत भक्कम बाजू मांडतो, कारण ती टाळून हा लेख प्रामाणिक होणार नाही. बीडमध्ये लोकसभेला पंकजा मुंडे साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पडल्या, आणि तिथले मतदान मराठा-वंजारी असे गावागावांत फाटले होते, हे कोणीही नाकारू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मधल्या अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर मनोज जरांगे यांच्या आंदोलनाने जे उभे केले आणि त्याला ओबीसींच्या बाजूने जो प्रतिसाद मिळाला, त्यातून ती फाळणी आली. धुळ्याचे उदाहरण त्याहून ठळक. तिथे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी जिंकल्या. त्यावरूनच पुढे विधानसभेच्या प्रचारात ‘व्होट जिहाद’ हा शब्द गाजला. एका शहरातल्या एका समाजाने एकगठ्ठा मत दिले आणि मतदारसंघाचा निकाल फिरवला, हे आकड्यांत दिसते. पाच क्षेत्रांतल्या ज्या समाजांनी दुसऱ्या बाजूला तितक्याच निष्ठेने मते दिली, त्यांच्या मतदानाला मात्र कोणी युद्धाचे नाव दिले नाही, हे इथे नोंदवून पुढे जातो.

पुढे म्हणजे नोव्हेंबरात. त्याच मालेगाव मध्यमध्ये विधानसभेला एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आणि माजी आमदार आसिफ शेख यांच्यात लढत झाली आणि मुफ्ती जिंकले, ते अवघ्या १६२ मतांनी. मे महिन्यात जो समाज एका गठ्ठ्यात बांधलेला दिसला, तो नोव्हेंबरात अक्षरशः निम्मानिम्मा कापला गेला. गठ्ठा समाजाचा गुण असता तर तो सहा महिन्यांत सुटला नसता. तो एका विशिष्ट प्रसंगाने, एका विशिष्ट भीतीने आणि समोरच्या पर्यायांनी बांधला होता. बीडमध्येही तेच. विधानसभेला जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या, परळीत धनंजय मुंडे लाखाहून मोठ्या फरकाने निवडून आले, आणि गेवराई, माजलगाव, आष्टी या मतदारसंघांत त्या त्या भागात वर्षानुवर्षे माणसे, कारखाने, सोसायट्या सांभाळून असलेली घराणी आणि नेते आपापल्या जागी परतले. जातीची फाळणी विरघळली असा दावा मी करत नाही. पण आमदार निवडताना तिच्यावर दुसरा थर चढला.

जाता जाता त्या टक्केवारीच्या कागदाबद्दलही बोलले पाहिजे. या देशात जातवार शिरगणती शेवटची झाली ती १९३१ मध्ये. त्यानंतर फाळणी झाली, मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, मुंबई-पुणे फुगले, २०११ च्या जनगणनेपर्यंत महाराष्ट्रातली ४५ टक्के लोकसंख्या शहरांत पोचली. तरी मतदारसंघातल्या जातींची टक्केवारी दशांश चिन्हासह सांगणारे विद्वान प्रत्येक निवडणुकीत भेटतात. नव्या जनगणनेत जातींची मोजणी होईल तेव्हा हे आकडे कदाचित सुधारतील. विचारपद्धती सुधारेल अशी खात्री मात्र मला नाही.

ठिकाण म्हणजे केवळ पत्ता नव्हे, हे मुंबईच्या गिरणगावाइतके कोणी शिकवलेले नाही. लालबाग-परळच्या चाळीत राहणारा कोकणी कामगार गणपतीला आणि शिमग्याला गावी जाई, गावची माणसे मुंबईत गावकरी मंडळाच्या खोलीत वळकट्या टाकत, आणि कोकणातली चूल मनीऑर्डरवर पेटे. एकच कुटुंब, एकच वस्ती, मधे शे-दीडशे कोसांचा समुद्रकिनारा. या वस्तीने लाल बावटा डोक्यावर घेतला, तेव्हा तिचे सामाजिक घटक होते तेच पुढेही राहिले. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेत देशभर काँग्रेस जिंकत असताना याच वस्तीने सामंतांना लोकसभेत पाठवले. पुढे गिरण्या थंडावल्या, युनियनचे कार्यालय ओस पडले आणि शाखेचा फलक उरला. रुग्णवाहिका, शाळेचा दाखला, नळाची तक्रार यांसाठी जायचे ठिकाण बदलले, तसे मत बदलले. आणि तो बदल एसटीने कोकणातही गेला. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून सलग वीस वर्षे मधु दंडवते यांना निवडून देणारा राजापूर मतदारसंघ १९९६ मध्ये शिवसेनेकडे गेला, तो तिथल्या कुणबी-मराठ्यांची जात बदलली म्हणून गेला नाही. राजापूरचे मत बऱ्याच अंशी लालबागेत घडत होते.

याच प्रकारचा, पण मोठ्या पटावरचा पडताळा १९५७ देते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द यशवंतराव चव्हाण कऱ्हाडात थोडक्यात वाचले. विदर्भ आणि मराठवाड्याने मात्र काँग्रेसला हात दिला. भाषा एक, जातींची उतरंड एकसारखी, पक्ष तेच. नागपूरच्या माणसाला मुंबईच्या प्रश्नाची धग तशी लागत नव्हती आणि मराठवाड्याला तर निजामाच्या राज्यातून बाहेर पडून दहा वर्षेही झाली नव्हती. पाच वर्षांनी, राज्य मिळाल्यावर, १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. ज्या गावांनी समितीला डोक्यावर घेतले होते त्यांतली बरीच काँग्रेसकडे परतली. तिथे कोणता उपदेशक पोचला होता?

उपदेशकाच्या बाजूने मात्र एक असा साक्षीदार उभा राहतो, की त्याला हलक्यात घेता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात राजकीय बहुमत आणि जातजमातीचे बहुमत यांतला फरक मांडला होता. पहिले घडते आणि मोडते, त्याचे दार सर्वांना उघडे असते; दुसरे जन्माने ठरते आणि अल्पसंख्याकाला त्यात कधीच शिरता येत नाही. गावात ज्यांची घरे चार आहेत त्यांच्यासाठी ‘वस्ती मत ठरवते’ हे वाक्य कौतुकाचे नाही, धमकीचे आहे. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून स्वतः आंबेडकर हरले. राखीव जागा दलिताची, पण ती कोणत्या दलिताला द्यायची हे ठरवणारा बहुसंख्य मतदार दुसराच, हा पुणे करारापासूनचा पेच तिथे उघडा पडला. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. पण आंबेडकरांनी त्यातून काढलेला मार्ग पाहावा. लोकांनी जन्म विसरून मत द्यावे असे सांगून ते थांबले नाहीत, कारण लोक तसे देणार नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी मागणी केली ती यंत्रणा बदलण्याची, मतदारसंघाची रचना, राखीव जागा, संरक्षण यांची. आणि १९५७ मध्ये नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले, ते समितीच्या आघाडीतून, म्हणजे दलित मतांना त्या ठिकाणच्या सामाईक प्रश्नाने इतर समाजांच्या मतांशी जोडले तेव्हा. पाच वर्षांपूर्वी मुंबईत जे जमले नाही ते इथे जमले, कारण मधली संस्था निराळी होती.

उपदेशकाला स्वतःची पार्श्वभूमी मात्र कधी दिसत नाही. शहरी, शिकलेला, करदाता मध्यमवर्ग आपण ‘विकासावर’ मत देतो असे सांगतो, आणि ते खोटेही नसते. फक्त विकास म्हणजे मेट्रो, उड्डाणपूल, पुनर्विकासाचा एफएसआय, हे त्याच्या पत्त्याने ठरवलेले असते. पुण्यात २०२३ च्या मार्चमध्ये कसब्याची पोटनिवडणूक भाजपने गमावली. तीन दशकांच्या जवळपास हातात असलेल्या या मतदारसंघात टिळक घराण्याला उमेदवारी नाकारल्यावर ‘आमच्या समाजाला डावलले’ अशा आशयाचे फलक लागले होते. हे फलक कोणत्या दुर्गम तांड्यावर लागलेले नव्हते. वाचनालये, व्याख्यानमाला आणि दिवाळी अंकांच्या पेठेत लागले होते. मांसाहार करतो म्हणून, अमुक धर्माचा म्हणून घर नाकारणाऱ्या इमारती आपल्या शहरांत आहेत. अशा चाळण्यांतून गाळून एकाच रंगाच्या झालेल्या सोसायटीने एका पक्षाला नव्वद टक्के मते दिली, तर ते ‘जागरूक’ मतदान ठरते. शिवाय २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत मतदान जेमतेम ५० टक्के झाले आणि गडचिरोली-चिमूरमध्ये ७० टक्क्यांहून अधिक. लोकशाहीवरची श्रद्धा शिक्षणाच्या प्रमाणात वाढते, या समजुतीला हे आकडे काय म्हणतात?

आणि पंधराशे रुपये? लाडकी बहीण योजना लोकसभेनंतर, निवडणुकीवर डोळा ठेवून आणली गेली, हे सरकारचे समर्थकही खासगीत मान्य करतील. तिजोरीवरच्या भाराची टीका रास्त आहे. पण ‘विकले गेले’ हा शब्द वापरण्याआधी त्या रकमेचे वजन ठिकाणानुसार कसे बदलते ते पाहावे. कोथरूडमधल्या घरात ती एका बाहेरच्या जेवणाची किंमत आहे. औसा किंवा कळमनुरी तालुक्यात खुरपणीला जाणाऱ्या बाईसाठी ती चार-पाच दिवसांची मजुरी आहे, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावावर, नवऱ्याच्या हाताला न लागता आलेली. प्राप्तिकराची मर्यादा वाढल्यावर खूश होऊन मत देणाऱ्या पगारदाराला आपण विकाऊ म्हणत नाही. दोघेही आपल्या घरातून सरकारकडे पाहतात. एकाचे घर आपल्या ओळखीचे असते, एवढाच फरक.

मग घर आणि वस्ती मत घडवतात, यात अडचण कुठेच नाही का? आहे, आणि ती या सगळ्या गदारोळात कोणी बोलत नाही अशा जागी आहे. गावातल्या मतदान केंद्राची यादी वस्तीप्रमाणे लागते. कोकणात कुणबीवाडी, तेलीवाडी, बौद्धवाडी वेगळ्या. देशावर गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे वेगळे. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर अशा पाट्या आल्या. वस्ती जिथे होती तिथेच राहिली. निकालाच्या दिवशी प्रत्येक केंद्राची उमेदवारनिहाय मते जाहीर होतात आणि संध्याकाळपर्यंत पारावर बसलेल्यांना कळते, की कोणत्या वस्तीने कोणाला किती मते दिली. लोकसभेच्या निकालानंतर बीडमध्ये एकमेकांच्या दुकानात जायचे नाही, अशी भाषा गावोगाव सुरू झाल्याच्या बातम्या आल्या, त्यामागे हेच उघडे पडलेले आकडे होते. मतदाराचे मत गुप्त असते, वस्तीचे नसते. आणि वस्तीचे मत उघडे असले की ते एकगठ्ठा होत जाते, कारण दोन्हीकडे थोडी थोडी मते देणाऱ्या वस्तीवर निवडून आलेलाही विश्वास ठेवत नाही आणि पडलेलाही.

कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा जिथे धाकदपटशाची भीती असेल तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांतच होती. यंत्रे आली आणि ही सोय गेली. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’चा, म्हणजे अनेक यंत्रांतली मते एकत्र करून फक्त बेरीज दाखवणाऱ्या उपकरणाचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवला, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, केंद्राने मात्र तो स्वीकारला नाही. आपण कुठे कमी पडलो हे केंद्रनिहाय आकड्यांवरून पक्षांना कळते आणि तिथे काम करता येते, असा एक युक्तिवाद झाला. तो खराच आहे, फक्त ‘काम करणे’ या शब्दांत पाण्याचा टँकर वळवणेही येते, हे ग्रामीण महाराष्ट्रात राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच मतपत्रिकांवर फेरमतदान घेण्याची तयारी केली होती, कारण गावात पडलेली मते आपल्या अंदाजाशी जुळत नाहीत असे तिथल्या लोकांचे म्हणणे होते. पोलिसांनी जमावबंदी लावून ते थांबवले. यंत्रांवर अविश्वास असलेल्या काळात केंद्रनिहाय आकडे झाकणे म्हणजे संशय वाढवणे, असे कोणी म्हटले तर ते हसून टाळण्यासारखे नाही. पण झाकायचे काय आणि दाखवायचे काय, हे वेगळे करता येते. कोणत्या केंद्रावर एकूण किती मतदान झाले, पुरुषांचे किती, स्त्रियांचे किती, हे केंद्रनिहाय जाहीर राहू शकते. यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्यांची पडताळणी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर होऊ शकते. उमेदवारनिहाय मते तेवढी दहा-पंधरा केंद्रांची मिळून सांगायची. मारकडवाडीच्या मागणीतली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट तर वेगळीच आहे: आपल्या गावाचे मत काय असणार हे गावाला आधीच पक्के ठाऊक आहे, अशी गावकऱ्यांची खात्री. गेल्या पंचाहत्तर वर्षांत आपण प्रत्येक माणसाला गुप्त मत दिले आणि गावाने ते सामुदायिक मालमत्ता म्हणून वहीत मांडून ठेवले. जातीवर मत देऊ नका असे सांगणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या तालुका कार्यालयात ती वही, केंद्राचा क्रमांक, वस्तीचे नाव आणि पडलेल्या मतांचा आकडा अशा तीन रकान्यांत, पुढच्या निवडणुकीसाठी नीट जपून ठेवलेली असते.